खोलीचं भाडं

हे मी घरमालक म्हणून लिहितोय. लाज वाटली, म्हणूनच लिहितोय.

मोताळ्यात माझं दोन खोल्यांचं घर आहे. बाप जन्मभर लोकांच्या वावरात राबला. माझ्या पगारावर भिंती उभ्या झाल्या. मागं टिनाची एक खोली काढली, भाड्यानं द्यायला. उन्हाळ्यात खेड्यावरून एक जोडपं आलं. तो मिस्तरीच्या हाताखाली, ती मिळेल त्या कामावर. कडेवर लेकरू.

"भाऊ, खोली द्याची हाये म्हणे?"

"अडीच हजार."

"लय होते भाऊ. रोज काम नाई भेटत."

"बाजारात हाच भाव हाये," मी म्हणालो. आणि लगेच विचारलं, "आडनाव काय?"

त्यानं खाली पाहून सांगितलं. आपल्यातलं नव्हतं. आपल्यासारखंच गावकुसाबाहेरचं होतं. मी म्हणालो, "पाहू." ते गेले.

माझ्या तोंडून कोण बोललं? 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना नोकरी होती, पगार होता, फक्त राहायला जागा नव्हती. पारशांच्या उतारशाळेत पारशी नाव सांगून दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली. खिशात पैसा असून घर मिळालं नाही, कारण तिथं किंमत जातीत मोजत होते. माझ्या हातात काठी नव्हती, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, सरकारचं घरकुल आहे नं. आहे. रमाई आवासमध्ये घर बांधायला सरकारी अनुदान मिळतं. पण आधी स्वतःची जागा किंवा कच्चं घर दाखवावं लागतं. ज्याच्या बापाला गावानं वीतभर जमीन दिली नाही, त्यानं उतारा कुठून आणावा? तो भाड्यानंच राहणार. 1985 साली ऑल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं मान्य केलं, की पोटाचं साधन हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तरी फुटपाथवरच्या झोपड्या नोटीस देऊन हटवायची मुभा राहिलीच. म्हणजे कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत आपण असतो.

मग रास्त भाडं कोणतं? दोन प्रश्न आहेत. या खोलीपायी मला खर्च किती? आणि या माणसाला दुसरीकडे जाता येत नसेल, तर तो जास्तीत जास्त किती देईल? पहिल्याचं उत्तर हा व्यवहार. दुसऱ्याचं उत्तर हे त्याच्या मजबुरीचं भाडं. आपण बाजारभाव म्हणतो तो बहुतेकदा हा दुसरा आकडा असतो. सावकार आपल्या आज्याला हेच सांगायचा.

माझ्यावरही कर्जाचा हप्ता आहे. म्हणून फुकट द्या म्हणत नाही. फुकट दिलं की मी दाता, तो याचक, उतरंड तीच. मी वही घेऊन बसलो. टिनं, वीज, डागडुजी, हप्त्याचा वाटा. बाराशेच्या वर आकडा गेला नाही. वरचे तेराशे कशाचे होते?

दुसऱ्या दिवशी त्यांना हुडकत बसस्टँडवर गेलो. ते मलकापूरला निघून गेले होते. पुढच्या माणसाला खोली बाराशेनं दिली, आडनाव न विचारता. पण ज्यांचं देणं लागत होतो, त्यांना ती मिळाली नाही.

जयंतीला आपण बंधुतेवर भाषणं देतो. ती लेकरू कडेवर घेऊन दारात येते आणि भाडं विचारते. तेव्हा आपण किती सांगतो? आपापली वही उघडून पाहा.

जयभीम.