दोन मिनिटं

मांद्र्याचा किनारा. सकाळ. ऊन अजून पाठीमागच्या माडांत अडकलेलं.

बसा. पाय वाळूत राहू द्या. श्वास येतो. श्वास जातो.

आता डोळे मिटा.

एक काळी पट्टी बघा. तिच्यावर एक पांढरा थेंब, पातळ दुधासारखा.

थेंबापाशीच राहा.

हे दूध नाही. हे लेटेक्सचे गोल कण आहेत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. कणाकणावर प्रतिपिंडं चिकटलेली. जणू प्रत्येकाला कितीतरी हात, आणि हाताला एकाच गोष्टीची ओळख.

असे कण 1956 मध्ये न्यूयॉर्कला सिंगर आणि प्लॉट्झ यांनी संधिवात ओळखायला वापरले. आज ते या पट्टीवर आहेत.

शेजारी रक्तद्रवाचा थेंब पडतो. अंगात दाह असला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. हे हात त्याचीच वाट बघत आहेत.

थेंब मिसळतात. पट्टी हळूहळू डोलते. डावीकडे. उजवीकडे.

श्वासही तसाच चालू द्या.

बघा. प्रथिनाला एका बाजूनं एक कण धरतो, दुसऱ्या बाजूनं दुसरा. रापणीच्या दोराला माणसं लागावीत तसे कणाला कण लागत जातात.

दूध फाटतं. काळ्यावर पांढरी कणी उठते.

बघत राहा.

प्रथिन लिटरमागे सुमारे 6 मिलिग्रॅमहून कमी असेल, तर कणी उठत नाही. थेंब दुधासारखाच राहतो.

आणि प्रथिन फारच झालं तर?

हात न् हात भरतो. ज्याचं त्याला मिळतं. दोघांनी मिळून एक धरावं, असं काही उरत नाही. कण सुटे राहतात. अंगात आग, आणि थेंब मात्र शांत.

इथं थोडं थांबा.

असा संशय आला, की रक्तद्रवात मिठाचं पाणी घालतात. समोरच्या समुद्राच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकं खारट. रक्तद्रव पातळ होतो. पट्टी पुन्हा डोलते.

डावीकडे. उजवीकडे.

आता कणी उठते.

लाट ऐका. एक श्वास घ्या. सोडा.

दोन मिनिटं झाली. डोळे उघडा. पट्टी याहून जास्त वेळ बघायची नसते. थेंब सुकू लागतो, आणि नसलेली कणी दिसू लागते.