उजेडाची परतवाट

दिवा मालवा. दुपार असू द्या. एकच खिडकी उघडी ठेवून बाकीच्यांचे पडदे ओढून घ्या, आणि ती नळी हातात घ्या.

नळी म्हणजे जुन्या ३५ मि.मी. प्रोजेक्टरची लेन्स. माझी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली, नळाच्या तोट्या आणि गंजक्या कुलपांच्या ढिगात. फोकल लेंग्थ १०० मि.मी., अॅपर्चर २. घाई नको, आधी नुसतं वजन तोला. मग अंगठा नळीवरून सावकाश फिरवा. कॅमेऱ्याची सवय असेल तर बोटं आपसूक कडी शोधू लागतात, फोकसची, अॅपर्चरची. इथे दोन्ही नाहीत. फोकसची गुंडी प्रोजेक्टरला असे, ती फिरवली की अख्खी नळी पुढेमागे सरके. आणि अॅपर्चर आवळायचं कशाला? पडद्यापर्यंत जितका उजेड जाईल तितका हवाच होता. आपल्या डोळ्याची बाहुली उन्हात आक्रसते. ही सदैव सताड उघडी. एक-दोन श्वास एवढ्यावरच थांबा.

आता खिडकीपासून दोन पावलांवर उभे राहा. फिल्मकडे असायचं ते टोक आपल्याकडे, दुसरं बाहेर. मागे पांढरा कागद धरा आणि अगदी हळू पुढेमागे करा. आधी नुसता उजेडाचा गोळा दिसेल. मग एका जागी त्याला रूप येतं आणि समोरचं झाड कागदावर उतरतं, शेंडा खाली, बुंधा वर. वारा आला की पानं हलतात. बाहेर डावीकडे झुकलेली फांदी कागदावर उजवीकडे झुकते.

इथे हवा तेवढा वेळ राहा. प्रोजेक्टरमध्ये फिल्म उलटी चढवतात ती याचसाठी; लेन्स तिला सुलटी करून पडद्यावर टाकते. आज कागद आहे तिथे फिल्म होती, झाड आहे तिथे पडदा होता. लेन्स फिरवलेली नाही, तिची कुठली बाजू कुठे हेही बदललेलं नाही. फक्त उजेड उलट्या दिशेने चाललाय.

कागदाच्या जागी कॅमेऱ्याचा सेन्सर आणायचा, एवढंच काम. म्हणायला एवढंच. मिररलेस कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स अडकते त्या तोंडापासून, सेन्सर जवळ असतो, सोनीच्या ई-माउंटमध्ये १८ मि.मी.वर. त्यामुळे मधे हेलिकॉइड, म्हणजे आटे फिरवून लांबआखूड होणारी नळी, बसवायला जागा उरते. कॅननच्या ईएफमध्ये हेच अंतर ४४, निकॉनच्या एफमध्ये ४६.५, शिवाय आत हलणारा आरसा. तिथे कित्येक प्रोजेक्टर लेन्सवर दूरचा डोंगर कधी स्पष्ट होतच नाही. मी पहिल्यांदा पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि चिकटपट्टी वापरली. पाइप आतून काळा करायचं विसरलो. सगळे फोटो दुधाळ.

आता समोर, दीड मीटरवर, घरातलं कुणीतरी बसवा. दूरच्या डोंगरापासून त्या चेहऱ्यापर्यंत यायला ही लेन्स जेमतेम ७ मि.मी. पुढे सरकते. आणि चेहऱ्यावर पोचल्यावर जे स्पष्ट दिसतं त्याची जाडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पापण्या लख्ख, कान विरघळलेला. समोरचा श्वास घेतो आणि त्या पट्टीत मागेपुढे होतो. कॅमेरा धरलेले तुम्हीही होता. हेलिकॉइडशी झटू नका. फोकस एका जागी ठेवा, कमरेतून किंचित पुढे झुका, मागे या, पुन्हा झुका. कुठल्यातरी श्वासाच्या शेवटी डोळा स्वच्छ होतो. तेव्हा बटण दाबा, किंवा नकाही दाबू.

मागची पानं पाहा. अशा बऱ्याच नळ्यांच्या आत पेट्झवालची रचना असते. मध्य धारदार आणि कडा वळत गेलेल्या, जणू पानं चेहऱ्याभोवती फेर धरतायत. योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने १८४० साली व्हिएन्नात ती मांडली ती माणसांची छायाचित्रं काढायला. ती प्रोजेक्टरमध्ये गेली नंतर. तेव्हा चेहरा टिपणं हे तिला नवं काम नाही.

जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत लावलेल्या अशा लेन्सबद्दल लोक हळवे होतात. हिने किती सिनेमे पाहिले असतील! मला हे पटत नाही. तासाला ८६,४०० चौकटी, म्हणजे दिवसात जितके सेकंद तितक्या, काचेतून जातात आणि एकही मागे उरत नाही. पण एक गोष्ट मला उशिरा कळली, ती डोळे मिटून बघा. पडद्यावर पडलेला उजेड तिथेच संपत नाही, चहूकडे उधळतो. त्यातला अगदी थोडा लेन्सवर परत येतो, आत शिरतो आणि फिल्मवर पडद्याचीच फिकी प्रतिमा पाडतो. मधेच कुणी पोराला खांद्यावर घेऊन झोतात उभं राहिलं, मागून 'ए, बस खाली' झालं, तर त्या पाठीवरचा उजेडही याच वाटेने आत गेला, अस्पष्ट, उलटा. तिथे कुणी पाहत नव्हतं, एवढंच.

डोळे उघडा. कागद धरलेला हात अवघडला असेल तर बदला. आणि झाड पुन्हा सापडेपर्यंत हळूच सरकवा.