त्याच्या हातातील विडी



आपल्या नात्यातला एखादा माणूस एच. आय. व्ही.बाधित आहे आणि तो विडी ओढतो. ती सोडण्यास त्याला सांगावे काय? आपणांपैकी बरेचजण म्हणतील, "जाऊ द्या गुरुजी, बिचाऱ्याला तेवढेच सुख उरले आहे." हे बोलणे दयेचे वाटते. पण त्यात एक निकाल दडलेला आहे : हा माणूस आता जाणारच.

हा निकाल खोटा आहे. सरकारी ए. आर. टी. केंद्रांतून २००४ पासून औषध मोफत मिळते. ते न चुकता घेणारा माणूस म्हातारपण पाहू शकतो. आड येते ती विडी. डेन्मार्कमधील रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उपचार घेत असूनही धूम्रपान करणाऱ्यांची एच. आय. व्ही.मुळे सुमारे ५ वर्षे, तर धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षे आयुष्यातून जातात, असे त्यात आढळले. आपल्याकडे त्यात क्षयाची भर. रोगाला आपण भितो आणि काडेपेटी मात्र आपणच आणून देतो!

तेव्हा सांगावे, हे ठरले. पण कोणत्या तोंडाने?

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या परवानगीने लिहितो. ते म्हणाले, "माझ्याजवळ बसतं कोण? विडीच बसते." घरात त्यांचा कप वेगळा ठेवला होता. वेगळा कप! ज्यांच्या आज्याला हॉटेलात वेगळी कपबशी मिळत होती, त्यांच्याच घरात? कपाने वा स्पर्शाने हा विषाणू पसरत नाही. त्या दिवशी मी विडीविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांच्याच कपातून चहा घेतला. (मन क्षणभर कचरले, हेही कबूल केले पाहिजे.)

पंचशीलात विडी बसते की नाही, हा वाद आजाऱ्याच्या दारात नेऊ नका. पहिल्या दिवसांत चिडचिड होते, झोप उडते. तेव्हा सोबत बसा आणि त्याच्यासमोर स्वतः ओढू नका. निकोटिनच्या गमविषयी केंद्रातील डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो. आणि विश्वासाने कळलेला त्याचा आजार चारचौघांत बोलू नका. २०१७ च्या कायद्यानेही त्यास मनाई आहे.

त्या गृहस्थांनी दोनदा विडी सोडली, दोनदा पुन्हा धरली. सध्या तिसरी खेप चालू आहे. कामावरून आल्यानंतरची वेळ त्यांना फार जड जाते. म्हणून मुलांच्या वह्या तपासायला मी संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर बसतो.