मार्जारन्याय आणि आमची मनी

कीर्तनात शरणागतीचा विषय निघाला म्हणजे दोन न्याय सांगण्याचा प्रघात आहे. माकडिणीचे पोर आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते, हात सुटला की पडते, हा मर्कटकिशोरन्याय. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्यास मानेला धरून उचलून नेते, हा मार्जारकिशोरन्याय. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत यावरून वडकलै आणि तेंकलै असे दोन पक्षच आहेत. पहिला माकडाच्या पोराचा कैवारी, दुसरा मांजराच्या पिलाचा. आम्ही चाळीस वर्षे हा दृष्टांत रंगवून सांगत आलो. पिलू कसे निश्चिंत, आई कशी सावध, हे हातवारे करून दाखवीत असू. प्रत्यक्ष मांजर कधी नीट पाहिले नव्हते, ही गोष्ट निराळी.

२०१५ च्या पावसाळ्यात आमच्या मागल्या पडवीत, गोवऱ्यांच्या ढिगाआड एक मांजरी व्याली. तीन पिले झाली. महिन्याभराने तिने दोन पिले एकेक करून तोंडात धरली आणि शेजारच्या माळ्यावर नेली. तिसरे नेले नाही. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. न्याय पाठ होता ना आम्हाला! तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी ते पिलू पदरात उचलले आणि म्हणाल्या, “तुमचा न्याय ऱ्हाऊ द्या, दूध कोमट करा आधी.”

तीच ही मनी. उभी राहिली की मान थरथरायची. वाटीकडे तोंड न्यावे तर ते वाटीच्या पलीकडेच जायचे. पाऊल गरजेपेक्षा उंच उचलले जाई आणि ती कुशीवर कोसळे. कुणी म्हणाले वारे गेले, कुणी म्हणाले बाहेरची बाधा. तालुक्याच्या दवाखान्यातील पशुवैद्यांनी सांगितले ते असे: गाभण मांजरीस पॅनल्युकोपेनिया नावाच्या रोगाचा विषाणू लागला, तर पोटातल्या पिलांचा लहान मेंदू पुरता वाढत नाही. तोल राखणे आणि हालचालीचे माप धरणे हे त्या मेंदूचे काम. हे व्यंग वाढत नाही, दुखत नाही, आणि बरेही होत नाही. त्या रोगावर लस आहे. पण जिवंत विषाणूची लस गाभणपणी टोचू नये, तीच पोटातल्या पिलास बाधते.

पुण्याचे एक आप्त आले होते. मनीचे पडणे-उठणे पाहून त्यांना वाईट वाटले. म्हणाले, “बुवा, इंजेक्शन देऊन शांत करतात हल्ली. हे हाल बघवत नाहीत.” माणूस निर्दय नव्हे. परंतु त्यांचे शब्द आमच्या डोक्यात फिरत राहिले. बघवत नाही, म्हणजे कुणाला? मनीला तर दुसरी चाल ठाऊकच नाही. ती पडते, उठते, पुन्हा वाटीकडे निघते. आपण काही गमावले आहे असे तिच्या तोंडावर कधी दिसले नाही. तिचा कंप तिला टोचत नव्हता, पाहणाराला टोचत होता. आपल्या डोळ्यांचे दुःख निवारण्यासाठी दुसऱ्याचा प्राण घ्यावयाचा आणि त्यास दया हे नाव द्यावयाचे, हे आम्हाला पटले नाही.

इथवर आम्ही बरोबर होतो. पुढे मात्र चुकलो, तेही सांगितले पाहिजे.

२०२२ च्या थंडीत मनी पाटावर चढेनाशी झाली. पाठ चाटणे सोडले, केसांच्या गाठी झाल्या. राखेच्या टोपलीत जायची ती टोपलीशेजारीच घाण करू लागली. आम्ही रागे भरलो. “आता वय झालं, आळस आला,” असे म्हणत कित्येक महिने काढले. तिचा कंप दुखत नाही हे एकदा ऐकले होते ना, मग तिला काहीच दुखत नाही असे धरून चाललो. पण सांध्यांची झीज झाली होती. मांजर दुखणे ओरडून सांगत नाही. लपवते, निजून राहते, उडी टाळते. टोपलीच्या काठावरून पाय उचलताना तिचे कंबर-खुबे दुखत होते आणि आम्ही तिला आळशी म्हणत होतो.

हे ध्यानी आले तेव्हा आम्हाला दयेचा असा उमाळा आला, की घरातली तापाची गोळी, ती पॅरासिटामॉलची, अर्धी कुटून दुधात कालवली. आपले गुडघे दुखतात तेव्हा आपण घेतोच की! मनीने वास घेतला आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितले तर ते खुर्चीतून उठलेच. “बुवा, प्याली असती तर आज आणायला काही उरलं नसतं.” मांजराच्या यकृतास ती गोळी जिरवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. एक गोळीदेखील प्राण घेण्यास पुरते. नामदेवरायांची कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली: कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आम्ही नेहमी सर्वाभूती विठ्ठल पाहण्यावर जोर देत आलो. पण कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली उतरणार नाही, एवढे महाराजांनी आधी जाणले, हे त्या दिवशी प्रथम कळले. त्यांच्या हातात तूप होते. आमच्या हातात विष होते, आणि भाव मात्र तोच होता.

डॉक्टरांनी वजन करून मांजरासाठीच असलेले वेदनेचे पातळ औषध मोजून लिहून दिले. मूत्रपिंडांसाठी अधूनमधून रक्त तपासावयास सांगितले. बाकीचे घरचेच आहे. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरले, पायाला धर मिळतो. टोपलीचा काठ एका बाजूने कापून बुटका केला. वाटी विटेवर ठेवली. निजायला जुनी घोंगडी. नखे कापीत नाही, तोच तिचा आधार.

आमचे एक जुने श्रोते म्हणतात, “मागल्या जन्मीचं कर्म आहे, भोगू द्या. तुम्ही मध्ये पडून उलट तिचे भोग लांबवता.” कर्मसिद्धांत आम्हीही पाठशाळेत शिकलो आहोत. स्वतःवर दुःख आले असता धीर धरण्यास तो फार उपयोगी. शेजाऱ्यावर आले असता हात आखडण्यास तो वापरू लागले, की सिद्धांत राहात नाही, सबब होते. नाथमहाराजांनी तापल्या वाळवंटात गाढवाच्या तोंडी कावडीचे पाणी घातले, त्याचे पूर्वकर्म विचारीत बसले नाहीत.

दुसरा आक्षेप जड आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजा राज्य टाकून वनात गेला, हरिणाच्या पाडसात गुंतला, आणि अंती हरिणच झाला. २०२४ च्या आषाढीस आम्ही आळंदीहून निघालो नाही. सौभाग्यवतींना वाकवत नाही, औषधाचे माप त्यांना दिसत नाही. पहिल्यापासून पायी चालण्याचा आमचा नेम मोडला. वाखरीस जाऊन दिंडीस मिळालो. विणेकरी म्हणाले, “माउली, मांजरापायी वारी चुकवली?” पुंडलिकाचे नाव जिभेवर आले होते. गिळले. देवाला विटेवर थांबवणारे आम्ही कोण?

उत्तर अजून पुरते दिलेले नाही. एवढे म्हणू, की भरताने पाडसाला पुरातून काढले तिथे त्याचे काही चुकले नव्हते. चुकले ते पुढे, पाडस दिसेनासे झाले की त्याचा जीव कासावीस होऊ लागला तेव्हा. दया पाडसाकडे पाहात होती. मोह स्वतःकडे पाहू लागला. मनीचे दुखणे एक दिवस औषधाच्या हाताबाहेर जाईल आणि पुण्याच्या आप्तांनी काढलेली गोष्ट पुन्हा दारी येईल. तेव्हा तिच्याकडेच पाहून ठरवावे लागेल. आमचा थकवा आणि आमची ओढ, दोन्ही बाजूला ठेवता आली पाहिजेत. येतील की नाही, कुणास ठाऊक.

२०२५ साली पुतण्याला औषधाचे माप शिकवले आणि आम्ही आळंदीहूनच निघालो. वाल्ह्याच्या मुक्कामी पाऊस होता. रात्री कीर्तनास उभे राहिलो, नमन झाले, आणि पहिल्याच चरणावर मनात आले, घोंगडी ओली तर झाली नसेल? टाळकरी थांबून आमच्याकडे पाहू लागले. हा मात्र मोहच होता.