चेनला थोडी ढील हवी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

भगवंत अर्जुनाला सांगतात की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं हे सगळं मापात आहे, त्याचा योग मात्र दुःख दूर करणारा होतो. या मापासाठी शब्द आलाय 'युक्त'. 'योग' आणि 'युक्त' दोन्ही एकाच धातूपासून, युज्, म्हणजे जोडणं.

हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. कळले मात्र या महिन्यात, हाताला ग्रीस लागल्यावर.

माझी सायकल फिक्स्ड गियर आहे. साध्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं, त्यामुळे उतारावर पाय थांबवून मस्त वारा खाता येतो. फिक्सीत ती सोय नाही. मागचं चाक फिरतंय तोपर्यंत पेडल फिरणारच. (तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात ना, कर्म केल्याशिवाय क्षणभरही कोणी राहू शकत नाही. अगदी तसं!) वेगसुद्धा बराचसा पायानेच आवरायचा. म्हणजे सगळी भिस्त त्या एका चेनवर.

माझी चेन दोन महिने सैल होती. रोज खडखड ऐकू यायची, आणि रोज मी म्हणायचो, रविवारी बघू. एका सकाळी सूस खिंडीच्या उतारावर ती निसटली. पायाखाली एकदम काहीच नाही! पुढचा ब्रेक लावलेला होता म्हणून थांबलो. चेन चाकात अडकली असती तर मागचं चाक जाम होऊन मी रस्त्यावर असतो.

घाबरून त्याच संध्याकाळी पान्हा घेतला आणि चेन ताणली, अगदी तारेसारखी. दुसऱ्या दिवशी सायकल जड, पेडल मारताना करकर आवाज. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकांनी चेनवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "अरे, चेन आहे ही, वीणेची तार नाही. एवढी ओढलीस तर बेअरिंग खाईल."

खरं सांगू? तिथे उभ्या उभ्या मला माझी साधना दिसली.

गेल्या वर्षी प्रोजेक्टच्या धावपळीत माझं नामस्मरण सुटलं. खडखड ऐकू येत होती, पण रविवारी बघू. मग अपराधी वाटलं आणि एकदम संकल्प केला: पहाटे चारला उठायचं, सोळा माळा, रात्रीचं जेवण बंद. अकराव्या दिवशी आईने नुसतं विचारलं, "अरे, दोन घास तरी खातोस का?" आणि मी तिच्यावर ओरडलो. जपमाळ हातात असताना! ती काही बोलली नाही, ताट झाकून आत गेली. बाराव्या दिवसापासून सगळंच बंद. आधी सैल, मग अति ताण. दोन्ही वेळा जोड तुटलीच.

काकांनी शिकवलं ते सांगतो. मागच्या एक्सलचे दोन्ही नट सैल करायचे, चाक खाचेत मागे सरकवायचं. चेनच्या मधोमध वर-खाली साधारण अर्धा इंच हालचाल राहिली पाहिजे. मग उजवा नट थोडा आवळायचा, चाक फ्रेमच्या मधोमध आणायचं, डावा आवळायचा, शेवटी दोन्ही घट्ट. (पेडल फिरवून बघताना बोटं चेनपासून लांब ठेवा. फिक्सी थांबत नाही, बोट जातं.)

आणि खरी मेख पुढे आहे. पुढची चक्री शंभर टक्के गोल नसते. त्यामुळे पेडल फिरवताना चेन कुठे सैल लागते, कुठे घट्ट. माप घ्यायचं ते सगळ्यात घट्ट जागेवर. तिथे थोडी ढील असेल, तरच पूर्ण फेरी सुरळीत होते.

मी नियम ठरवला होता सुट्टीच्या दिवशी, मन निवांत असताना. म्हणून तो रिलीजच्या दिवशी अडकला. नियम सगळ्यात कठीण दिवसाच्या मापाने बांधायला हवा. आता रोज एकच माळ, आणि आईबरोबर जेवण. रिलीज असो, ताप असो, माळ होते. सुट्टीला चार झाल्या तर हरीची कृपा.

अजून एक. चेन 'ताणली जाते' असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. आतल्या पिना रोजच्या वापराने झिजतात, म्हणून ती सैल होते. म्हणजे सैल पडणं हे पाप नाही, चालल्याची खूण आहे. अधूनमधून बोट टेकवून बघायचं आणि पान्हा हातात घ्यायचा, एवढंच. मन भरकटेल तेव्हा ते पुन्हा आत्म्याकडे वळवावं, हे भगवंतांनी याच अध्यायात सांगितलंय. भरकटणार हे त्यांनी धरलेलंच आहे.

आईची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी हात धू, ग्रीस लागलंय."

आजचा अभ्यास: तुमचा एक नियम घ्या आणि स्वतःला विचारा, आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी हा चालेल का? नसेल, तर आजच अर्धा इंच ढील द्या. आणि खडखड ऐकू येत असेल, तर रविवारची वाट बघू नका.

जय हरी!