अहरोनाचें धुपाटणें

शास्त्रपाठ : गणना १६ : ३५-४८

सातपुड्याच्या डोंगराळ रानांत सालईचें झाड वाढतें, हें नागपूरकडील खेड्यांतल्या मंडळ्यांस ठाऊकच आहे. त्याच्या सालीस छेद दिला म्हणजे चीक पाझरतो, आणि त्याचा डिंक धूप म्हणून जाळितात. मागी लोकांनीं बाळ येशूपुढें ठेविलेला ऊद ज्या झाडांपासून निघतो, त्यांचें व सालईचें कूळ एकच आहे. घाव बसल्यावांचून डिंक नाहीं, आणि निखाऱ्यावर पडल्यावांचून सुगंधी धूर नाहीं.

आपल्या शास्त्रपाठांत धुपाटणीं दोनदां दिसतात. प्रथम कोरहाच्या पक्षाचे अडीचशें पुरुष तीं हातीं घेऊन उभे राहिले. त्यांस याजकपणाचा मान हवा होता. अग्नीनें त्यांस भस्म केलें, आणि लोकांस आठवण राहावी म्हणून त्यांच्या पितळी धुपाटण्यांचे पत्रे ठोकून ते वेदीस मढविले. दुसऱ्याच दिवशीं लोक मोशे व अहरोन यांजवर कुरकुर करूं लागले, आणि त्यांजमध्यें मरी सुरू झाली. तेव्हां वृद्ध अहरोन धुपाटणें घेऊन धांवत गेला आणि मेलेले व जिवंत यांच्यामध्यें उभा राहिला. मरी थांबली. ज्यांनीं नुकताच त्याला दोष लाविला होता, त्यांच्यासाठींच तो धांवला, हें विसरूं नका. पात्र एकाच प्रकारचें; परंतु कोरहाच्या लोकांनीं तें मानासाठीं धरिलें, अहरोनानें प्रीतीसाठीं.

आमच्या उपासनामंदिरांत धुपाटणें नाहीं. पवित्र जनांच्या प्रार्थना हाच धूप, असें योहानास प्रकटीकरणांत (५ : ८) दाखविण्यांत आलें. तथापि पितळेचें पात्र नाहीं, याची आम्हीं फुशारकी मारूं नये. कोरहाचा गर्व रिकाम्या हातांनींही करितां येतो. मंडळींत मोठ्यानें प्रार्थना करणारा मनुष्य घरीं शेजाऱ्याशीं अबोला धरितो, तर त्याचा धूप कोठवर पोहोंचेल?

तुमच्या गांवांत कोणी तुम्हांस विहिरीवर टाकून बोलला असेल, आणि आज तो तापानें अंथरुणावर असेल, तर त्याच्या दारीं जा. त्याच्यासाठीं प्रार्थना करा. त्याचें पाणी भरून द्या. लागल्यास त्याला दवाखान्यांत न्या. अहरोन आपल्या तंबूंत बसून धूप जाळीत राहिला नाहीं.

आपला महायाजक प्रभु येशू ख्रिस्त मरण व जीवन यांच्यामध्यें स्वतःस अर्पून उभा राहिला, आणि मारणाऱ्यांसाठीं त्यानें क्षमा मागितली. त्याच्या घावांतून आपणांस तारण मिळालें. त्या प्रीतीचा निखारा आपल्या प्रार्थनेंत पडो. आमेन.