लळा आणि मोजणी

निरीक्षकाने निरीक्षणाच्या विषयापासून अलिप्त राहावे, हा विज्ञानाचा दंडक प्रयोगशाळेत जितका सहज पाळला जातो तितका रानात पाळता येत नाही. कारण रानाच्या अभ्यासकाला वर्षानुवर्षे त्याच झाडांकडे, त्याच ओढ्याकडे परतावे लागते, आणि आवडीवाचून असे परतणे फार काळ टिकत नाही. या आवडीने अभ्यास गढूळ होतो की निवळतो, हा प्रश्न मग शिल्लक राहतो. भरपूर पावसाच्या पट्ट्यात बारमाही हिरवी राहणारी आणि उंच झाडांच्या छत्राखाली झाडा-वेलींचे आणखी थर सांभाळणारी जी सदाहरित जंगले सह्याद्रीत उरली आहेत, त्यांच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार माधव गाडगीळ यांच्या कामाला वगळून करता येणार नाही.

१९४२ साली पुण्यात जन्मलेल्या गाडगीळांना पक्ष्यांचा नाद वडिलांमुळे, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्यामुळे लागला. वेड्या राघूच्या शेपटीतली मधली लांब पिसे काही दिवस दिसेनाशी का होतात, असे त्यांनी शाळकरी वयात पक्षितज्ज्ञ सलीम अलींना विचारले होते, आणि पिसे झडून नवी येण्याचा तो काळ असतो, असे उत्तर त्यांना मिळाले होते. पक्ष्यावर जीव जडल्याखेरीज शेपटीतले पीस हरवल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. मात्र ते का हरवले, हे नुसत्या जीव जडण्याने कळत नाही. पुढे त्यांनी हार्वर्डमध्ये गणिती परिस्थितिकीत, म्हणजे सजीव आणि परिसर यांच्या संबंधांचा गणिताने मागोवा घेणाऱ्या शाखेत, डॉक्टरेट मिळवली आणि ते सह्याद्रीकडे परतले.

सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या आणि कुऱ्हाड लावू न दिलेल्या वनखंडांचा, अभ्यास हाती घेतला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असताना मूळच्या जंगलाचा नमुना पुष्कळदा या राईतच उरलेला होता. मांडीएवढ्या जाड खोडाची गारंबीची वेल तिथेच चढलेली दिसे आणि गावाच्या ओढ्याचा उगमही कित्येकदा तिथेच असे. त्या काळच्या वनव्यवस्थापनाला मात्र अशा राईत वाढ थांबलेल्या, तोडीला आलेल्या लाकडाचा साठा दिसत असे. हा दृष्टिकोनही स्वतःला शास्त्रीयच म्हणवत होता, आणि त्याच्या पदरी आकडेही होते, हे विसरता कामा नये. तो अलिप्त मात्र नव्हता; त्याचे जंगलाशी असलेले नाते गिऱ्हाइकाचे होते, एवढेच.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबूच्या अभ्यासात ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. कागद गिरणीला तिथला बांबू टनामागे दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळे, आणि बुरुडाला मात्र त्याच बांबूसाठी बाजारभाव मोजावा लागे. बांबू विरळ होऊ लागला तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर आला. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी फांद्यांचे दाट जाळे असते. ते साफ केल्याने वाढ चांगली होते, असे मानून गिरणीची माणसे ते तोडून टाकत. गावकऱ्यांचे म्हणणे असे की नेमक्या त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब जनावरांच्या तोंडून वाचतात. गाडगीळांनी बेटे पाहून कोंबांची मोजदाद केली, तेव्हा गावकरी बरोबर निघाले. गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याइतका आदर आधी नसता, तर ही मोजदाद झालीच नसती. आणि मोजदाद नसती, तर ते म्हणणे वाद घालण्यापुरतेच उरले असते. आपुलकीचे विज्ञानातील स्थान बहुधा असेच आहे: कोणता प्रश्न विचारायचा हे ती ठरवते, पण उत्तराच्या खरेपणाचा निवाडा तिच्या हाती नसतो.

तरीही एका माणसाचा लळा सरकारी नकाशावर उतरवणे ही वेगळीच गोष्ट ठरली. २०१० साली नेमलेल्या आणि गाडगीळ अध्यक्ष असलेल्या पश्चिम घाट तज्ज्ञगटाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात साऱ्या पश्चिम घाटाची सुमारे ९ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागणी करून संवेदनशीलतेचे तीन स्तर सुचवले होते. अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे अहवालातच म्हटले होते. पण तो होता इंग्रजीत. सरकारने तो काही महिने दडवून ठेवला, आणि डोंगरातल्या माणसांपर्यंत तो पोहोचला तो बव्हंशी अफवांच्या रूपाने. घर बांधता येणार नाही, शेती सोडावी लागेल, अशा बोलण्याने केरळात त्याविरुद्ध हरताळही झाले. विरोधाला खाणी आणि खडीच्या धंद्यातील हितसंबंधांनी खतपाणी घातले हे खरे असले, तरी चौकोनांच्या त्या नकाशात आपल्या बांधावरचे झाड कुठे आहे, हे तिथल्या शेतकऱ्याला सापडत नव्हते, हेही तितकेच खरे आहे. बांबूच्या बुंध्याशी असलेले काटे ज्यांनी दाखवून दिले, तशाच माणसांसाठी तो अहवाल होता, आणि त्यांनी तो वाचलेला नव्हता.